विहीर सरकली कशी? धारणीच्या वावरातून नकाशाचा दोनशे वर्षांचा हिशोब



आज पिकाचं काही लिहीत नाही. सोयाबीन निघालं, तूर फुलावर आहे, हरभऱ्याला वापसा यायला चार दिवस आहेत. सवड आहे तोवर मे महिन्यापासून डोक्यात असलेला विषय लिहून टाकतो. पोस्ट लांब आहे. एका दमात नाही झाली तर दोनदा वाचा, पण धुऱ्यावरून भांडण चालू असेल तर पुरी वाचाच.

मे महिन्यात उन्हाळवाही चालू होती. पश्चिमेकडचे शेजारी हातात मोबाईल घेऊन धुऱ्यावर आले. आमचे त्यांचे संबंध तीन पिढ्यांचे. एकमेकांच्या बैलांनी वखर ओढलेले. ते म्हणाले, "भाऊ, हे पाहा. तुमचा धुरा माह्या वावरात हाये. सहा मीटर. मी नाही म्हणत, मोबाईल म्हणून रायला."

मी पाहिलं. वरून काढलेला फोटो, त्यावर गटाच्या रेघा. आणि खरंच, रेघ धुऱ्यावर नव्हती. धुऱ्याच्या पूर्वेला, माझ्या तुरीच्या तासांत सहा मीटर आत घुसलेली. आमचा धुरा साधारण दोनशे मीटर लांब. सहा गुणिले दोनशे म्हणजे बाराशे चौरस मीटर, जवळपास बारा गुंठे. शेतकऱ्याला बारा गुंठे म्हणजे काय ते मी सांगायला नको.

त्या दिवशी आवाज चढले. दोघांच्याही पोरांनी हातातली कामं सोडली. शेवटी दोन्ही घरच्या बाया मधात पडल्या म्हणून थांबलं. आठ दिवस बोलणं बंद.

मी दहावी पास माणूस. सॅटेलाइट काय अन् रेघ काय, मला काही कळत नव्हतं. पण एक गोष्ट खटकली. त्याच मोबाईलमध्ये मी माझी पूर्वेकडची बाजू पाहिली. तिकडंही रेघ धुऱ्यावर नव्हती. ती पूर्वेकडच्या शेजाऱ्याच्या वावरात सहा मीटर आत होती. म्हणजे इकडं माझी जमीन गेली आणि तिकडं तेवढीच मिळाली! आणखी पाहिलं तर गावातल्या रस्त्याची रेघ घरांच्या भिंतीवरून चाललेली, नाल्याची रेघ कोरड्या बरडावर. अख्खा कागदच पूर्वेला सरकला होता. अंगावरची गोधडी सरकली की पाय उघडे पडतात, पण म्हणून काही माणूस लांब होत नाही.

पुढं भाचा अमरावतीहून आला. त्यानं लॅपटॉपवर माझ्याच वावराचे वेगवेगळ्या वर्षांचे फोटो काढून दाखवले. माझी विहीर दगडी बांधणीची, बाबांनी खोदलेली. फोटोत गोल काठ स्पष्ट दिसतो. भाच्यानं एका वर्षाच्या फोटोत विहिरीवर खूण केली आणि दुसऱ्या वर्षाचा फोटो उघडला. खूण होती तिथंच, विहीर मात्र बाजूला. तिसऱ्या वर्षी आणखी दुसरीकडं. मोजलं तर जास्तीत जास्त सात मीटर.

"मामाजी, विहीर चालून रायली तुमची," भाचा हसला.

विहीर चालत नाही. मी दोरी घेऊन विहिरीपासून मोहाच्या झाडापर्यंत मोजलं. बाबा सांगायचे तेवढंच भरलं. मग चालतं ते काय? तिथून शोधायला लागलो. भाच्यानं वाचून समजावलं, काही पुस्तकं आणून दिली. समजलं ते माझ्या भाषेत सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे मोबाईलवर दिसतो तो एक फोटो नाही. ती वाकळ आहे. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या उपग्रहांनी काढलेले तुकडे जोडून केलेली. आपल्या मेळघाटात हे फार लवकर दिसतं, कारण आपलं जंगल सागाचं. सप्टेंबरात हिरवंगार, मार्चमध्ये पानगळ होऊन तपकिरी. एक तुकडा पावसाळ्यानंतरचा आणि शेजारचा उन्हाळ्यातला असला की जंगलाच्या मधोमध पट्टीनं आखल्यासारखी रेघ दिसते. अलीकडं हिरवं, पलीकडं उघडं. नवीन माणसाला वाटतं पलीकडचं जंगल तोडलं. तोडलं काहीच नाही, शिवण आहे ती.

दुसरी गंमत सिपना नदीची. सेमाडोह, कोलखासकडं वरून पाहिलं की कधी कधी दरी डोंगरासारखी उंच दिसते आणि नदी डोंगराच्या माथ्यावरून वाहते असं वाटतं. त्याचं कारण आपल्या डोळ्यात आहे. असे फोटो घेणारे पुष्कळ उपग्रह सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास वरून जातात. तेव्हा सूर्य आग्नेयेला असतो आणि सावली वायव्येला पडते. नकाशात उत्तर वर, म्हणजे उजेड खालून आलेला दिसतो. आपल्या डोळ्याला मात्र उजेड वरून येण्याची सवय. म्हणून खोलगट ते फुगीर वाटतं. उपाय सोपा आहे. मोबाईल उलटा धरा, दरी परत दरी होते. नातवंडांना दाखवा, मजा येते.

तिसरी गोष्ट घाटाची. परतवाड्याहून घटांगकडं चढणारा रस्ता नकाशात पाहा. काही ठिकाणी रस्ता पाघळल्यासारखा, दरीत सांडल्यासारखा दिसतो. उपग्रह प्रत्येक वेळी बरोबर डोक्यावर नसतो, पुष्कळदा तिरपा पाहतो. तिरप्या फोटोत डोंगराचा माथा एका बाजूला झुकतो. तो सरळ करायला त्या जागेची उंची माहीत असावी लागते. जगभरच्या पुष्कळ नकाशांना ही उंची मिळाली ती फेब्रुवारी 2000 मध्ये. एंडेव्हर नावाच्या अंतराळयानानं अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारनं उंची मोजली. पण दाट झाडीत रडारला जमीन लागत नाही, झाडाचा शेंडा लागतो. मग सागाच्या वनात झाडाची उंचीच जमिनीची उंची म्हणून धरली जाते.

याचा हिशोब करून पाहा. उपग्रह सरळ रेषेपासून 25 अंश तिरपा पाहत असेल आणि उंचीत 20 मीटरची चूक असेल, तर फोटोतली जागा नऊ मीटरच्या वर सरकते. पुढच्या वर्षी उपग्रहानं दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर ती उलट दिशेला सरकते. माझी विहीर चालली ती अशी. माझं वावर डोंगराच्या पायथ्याशी आहे. सपाटीवर, अकोल्याकडच्या काळ्या रानात, ही चूक कमी असते.

काही ठिकाणी विमानाच्या बाजूला लाल, हिरवी, निळी अशी तीन भुतं दिसतात. उपग्रह तिन्ही रंग एकदम टिपत नाही, क्षणाच्या फरकानं एकामागून एक टिपतो. जमीन जागच्या जागी असते म्हणून रंग जुळतात. विमान तेवढ्यात पुढं जातं म्हणून रंग फाटतात.

आता उलटी बाजू. दिसतं ते सगळंच चूक नसतं. आपल्या धुळघाटला वरून पाहा. जंगलात सुताचा गुंता पडावा तसा एक फेरा दिसतो. बाहेरच्या माणसाला वाटेल की नकाशा बिघडला. आपल्याला माहीत आहे, ती अकोला–खंडवा छोट्या लाइनची वाट आहे. गाडी चढ चढायला गोल वळसा घ्यायची आणि पुलावरून स्वतःच्याच रुळाला ओलांडून पुढं जायची. 2017 च्या सुरुवातीला रुंदीकरणासाठी ती गाडी बंद झाली. मी त्या गाडीत बसून खिडकीतून खालचे रूळ पाहिले आहेत. तसंच लोणारचं. जून 2020 मध्ये लोणारचं सरोवर उपग्रहाच्या फोटोत गुलाबी दिसलं. नासाच्या 25 मेच्या फोटोत हिरवं आणि 10 जूनच्या फोटोत गुलाबी. कोणालाही वाटलं असतं की रंगात गडबड झाली. पण पाणी खरंच गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं तेव्हा खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळं तो रंग आल्याचं निघालं. काठावर जाऊन पाणी बाटलीत भरलं म्हणून हे कळलं.

हे सगळं शोधता शोधता मी दोनशे वर्षं मागं गेलो, आणि तिथं आपलाच सातपुडा भेटला.

1802 मध्ये विल्यम लॅम्ब्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं मद्रासला जमिनीवर एक पायारेषा मोजून हिंदुस्थानची मोठी मोजणी सुरू केली. एक बाजू मोजायची, मग कोन घेत घेत त्रिकोणाला त्रिकोण जोडत उत्तरेला जायचं. कोन घ्यायचं यंत्र अर्ध्या टनाचं. ते माणसांच्या खांद्यावरून टेकडी-टेकडीवर, देवळाच्या गोपुरावर चढवायचे. वीस वर्षं हे करत करत लॅम्ब्टन विदर्भापर्यंत आला आणि 20 जानेवारी 1823 ला हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. आपण कापूस घेऊन हिंगणघाटला जातो, पण तिथं भारताच्या नकाशाचा पाया घालणारा माणूस झोपला आहे हे मला पन्नाशीपर्यंत माहीत नव्हतं.

पुढचं काम त्याच्या हाताखालच्या जॉर्ज एव्हरेस्टकडं आलं. हाच तो, ज्याच्या नावावर 1865 मध्ये सगळ्यात उंच शिखर चढवलं. त्या वेळी वऱ्हाड निजामाकडं होता, इंग्रजांकडं आला तो 1853 मध्ये. एव्हरेस्टच्या मोजणीतलं एक महत्त्वाचं ठाणं अचलपूरच्या अंगाला होतं. इंग्रजी कागदांत त्याचं नाव टाकल खेडा असं लिहिलं आहे. तिथून रेषा सातपुडा ओलांडून मध्य प्रदेशातल्या सिरोंजजवळच्या कल्याणपूरला गेली. एव्हरेस्ट तापानं खंगलेला, तरी काम सोडलं नाही.

टाकल खेड्याला रात्री तारे पाहून ती जागा पृथ्वीवर नेमकी कुठं आहे हे काढायचं होतं. त्याला ओळंबा लागतो. आपला गवंडी भिंतीला लावतो तोच. ओळंबा सरळ खाली लटकतो असं आपण धरून चालतो. पण टाकल खेड्याच्या उत्तरेला सातपुड्याचं एवढं मोठं वजन उभं आहे की ते ओळंब्याला आपल्याकडं ओढतं. ओळंबा केसभर उत्तरेला झुकतो. मग डोक्यावरचं आभाळ केसभर दक्षिणेला सरकतं आणि ती जागा आहे त्याहून दक्षिणेला असल्याचं गणित सांगतं.

एव्हरेस्टला हा संशय आला आणि 1830 मध्ये छापलेल्या पुस्तकात त्यानं डोंगराच्या ओढीचा हिशोब मांडला. मंडळी, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीही नकाशात जागा सरकत होती, आणि सरकवणारा आपलाच डोंगर होता! तेव्हा त्यानं ओळंबा वाकवला, आज तो उपग्रहाचा फोटो वाकवतो.

पुढं हिमालयाजवळ हेच मोठ्या प्रमाणात झालं. कल्याणपूर आणि मुजफ्फरनगरजवळचं कलियाना, या दोन ठाण्यांतलं अंतर जमिनीवर मोजून आणि ताऱ्यांवरून काढून जुळेना. फरक 5.24 सेकंदांचा, म्हणजे जमिनीवर साधारण 160 मीटर. शेकडो किलोमीटरच्या मोजणीत 160 मीटर. कोणी म्हणालं असतं जाऊ द्या. त्यांनी जाऊ दिलं नाही. कलकत्त्याचा पाद्री जॉन प्रॅट यानं 1855 मध्ये हिमालय किती ओढेल त्याचं गणित केलं तर उत्तर जवळपास तिप्पट आलं. म्हणजे हिमालय त्याच्या आकाराच्या मानानं कमी ओढतो. का? तर डोंगराच्या खाली हलक्या खडकाची मुळं खोल गेलेली असतात, असं एअरी नावाच्या शास्त्रज्ञानं त्याच वर्षी मांडलं. एका न जुळणाऱ्या आकड्यातून पृथ्वीच्या पोटातली गोष्ट कळली.

मला या माणसांचा धडा वाटतो तो एवढाच. मोजलं आणि जुळलं नाही, तर किती जुळलं नाही ते लिहून ठेवलं. लपवलं नाही. आमच्या मोबाईलवरच्या रेघेखाली असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. ही रेघ किती मीटर इकडंतिकडं असू शकते, फोटो कोणत्या तारखेचा, कागद कोणत्या सालचा, काही नाही. रेघ बारीक, रंगीत, झकपक. माणूस रेघ पाहून भुलतो.

ती रेघ येते कुठून तेही पाहा. गावनकाशे आले जुन्या मोजणीतून. शंकू-साखळी 33 फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. चाळीस गुंठे एक एकर. ती मोजणी त्या काळच्या मानानं पक्की होती आणि वावराच्या आत अजूनही पक्की आहे. पण ती कागदावर उतरली. 1:5000 च्या नकाशात अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ म्हणजे जमिनीवर अडीच मीटर. कागद जुना झाला, घडी पडली, ओल लागून ताणला. मग तो स्कॅन केला आणि उपग्रहाच्या फोटोवर चिकटवला. चिकटवताना चार कोपरे जुळवायचे, पण जुळवायचे कशाशी? आधीच सरकलेल्या फोटोशी.

त्यात आणखी एक गाठ आहे. पृथ्वी काही बरोबर गोल नाही, म्हणून प्रत्येक नकाशा तिचा एक आकार धरून चालतो. भारताच्या सरकारी नकाशांनी पिढ्यान्‌पिढ्या एव्हरेस्टच्या नावाचा आकार धरला आणि सुरुवातीची जागा कल्याणपूर धरली. मोबाईलचं जीपीएस 1984 मध्ये ठरलेला दुसरा आकार धरतं. एकाच विहिरीचे आकडे दोन्हीत वेगळे येतात. एका पद्धतीचे आकडे दुसऱ्या पद्धतीच्या नकाशात तसेच टाकले तर जागा बऱ्याच मीटरनं सरकते. आपल्या देशानं 2005 च्या नकाशा धोरणात लोकांसाठीचे नकाशे नव्या पद्धतीवर आणायचं ठरवलं. त्याआधीचा कागद आणि आजचा मोबाईल एकमेकांवर ठेवताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझं भांडण बारा गुंठ्यांचं होतं. पण आपल्या मेळघाटात या फोटोवर काहींचं अख्खं वावर टांगलेलं असतं.

2006 चा वनहक्क कायदा सांगतो की 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला त्या जमिनीचा हक्क मिळेल, जास्तीत जास्त चार हेक्टर. इतर पारंपरिक वननिवाशांना त्याशिवाय तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवासही दाखवावा लागतो. दावा आला की प्रश्न येतो, 2005 मध्ये तिथं शेत होतं का? मग कोणीतरी म्हणतं, फोटो पाहा.

पाहू ना. फोटोंचा इतिहासच पाहू. जमिनीचे फोटो घेणारा पहिला लँडसॅट उपग्रह अमेरिकेनं जुलै 1972 मध्ये सोडला. आपला आयआरएस-1ए 17 मार्च 1988 ला गेला. 2005 मधून 75 वर्षं वजा करा, 1930 येतं. 1930 चा फोटो आणायचा कुठून? तेव्हा आभाळात उपग्रहच नव्हता. तो रहिवास गावातल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडीच सापडेल.

2005 च्या आसपासचं सांगतो. लँडसॅट-7 नावाच्या उपग्रहातलं आरसे हलवणारं यंत्र 31 मे 2003 ला बिघडलं. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक फोटोत तिरप्या काळ्या पट्ट्या आल्या. मधात कमी, कडेला रुंद. फोटोचा जवळपास 22 टक्के भाग कोराच. त्या पट्ट्या दुसऱ्या तारखांच्या फोटोंनी भरल्या की जंगलावर झेब्र्यासारखे पट्टे उमटतात. जगाच्या मोठ्या नकाशातही ते पट्टे कैक वर्षं दिसायचे. 2016 मध्ये गुगलनं नव्या लँडसॅट-8 चे फोटो लावले तेव्हा ते गेले. कायदा ज्या वर्षाचं विचारतो त्या वर्षी आभाळातला एक डोळा असा अधू होता.

बाकीचे डोळे चांगले होते, आपले भारतीय उपग्रहही होते. पण ते किती बारीक पाहत होते? लँडसॅटचा एक ठिपका 30 मीटर बाय 30 मीटर, म्हणजे जवळपास नऊ गुंठे. एका एकरात साडेचार ठिपके. आपल्या लिस-3 कॅमेऱ्याचा ठिपका साडेतेवीस मीटरचा, म्हणजे सव्वापाच-साडेपाच गुंठे. एका ठिपक्याला एकच रंग. त्यात अर्धी ज्वारी आणि अर्धी झाडं असली तर मधलाच काहीतरी रंग उमटतो.

आणि आपली शेती कशी आहे? वावरात मोह ठेवतात. तेंदू, आचार ठेवतात. मोहाचं झाड कोण तोडेल? एकराला आठ-दहा मोठी झाडं असली की वरून पाहणाऱ्याला ते रान दिसतं. झाडाखालची कुटकी त्याला दिसत नाही. डिसेंबरात खरीप निघून गेलेलं असतं. कोरडवाहू वावर तेव्हा मोकळं, वाळल्या गवताच्या रंगाचं. म्हणजे पीक शोधायला निवडलेली तारीखच पीक नसण्याची.

आमच्या ओळखीतल्या एका बुढ्या बाबाचं असंच झालं. फोटोत शेत दिसत नाही म्हणून दावा अडकला. बाबा मला म्हणाला, "वरून पाहणाऱ्यानं खाली उतरून एक पायली कुटकी घेऊन जावं, मंग सांगावं शेत हाये का नाही." मी हसलो होतो. आता हसू येत नाही.

कायद्यात यावर उत्तर आहे, ते पुष्कळांना माहीत नाही. वनहक्क नियमांत 2012 मध्ये दुरुस्ती झाली. त्यात स्पष्ट आहे की उपग्रहाच्या फोटोसारखं तंत्र दावेदाराच्या पुराव्याला जोड म्हणून वापरायचं, इतर पुराव्याच्या जागी नाही. नियम 12क. आणि पुराव्यांच्या यादीत काय काय आहे? घर, झोपडी, सपाट केलेली जमीन, बांध, विहीर, मसणवट, देवस्थान, आणि गावातल्या जाणत्या माणसाचा लेखी जबाब. दावा अडकला असेल त्यानं हा नियम दाखवावा. फोटो दिला असेल तर त्याची तारीख, उपग्रहाचं नाव आणि ठिपक्याचा आकार लेखी मागावा. तेवढ्यानं जमीन मिळेलच असं मी म्हणत नाही, पण फोटोला प्रश्न विचारता येतो हे तरी कळेल.

मी उपग्रहाच्या विरोधात नाही. वणवा कुठं लागला, तलावात पाणी किती उरलं, दुष्काळात तालुक्याचं पीक कसं आहे, हे वरूनच बरं दिसतं. भांडं मोठं आहे, मोठ्या मापाला चांगलं. पण पायलीनं गुंजभर सोनं मोजायला गेलं तर दोष पायलीचा नाही.

आता आमच्या धुऱ्याचं सांगतो.

भाच्यानं विहिरीचे चार फोटो कागदावर छापून दिले. ते घेऊन मी स्वतः शेजाऱ्यांच्या अंगणात गेलो. म्हटलं, "काका, माही विहीर चालते काय?" त्यांनी फोटो पाहिले. बराच वेळ पाहिले. मग स्वतःचंच घर शोधलं. एका फोटोत त्यांचं घर रेघेप्रमाणं निम्मं रस्त्यात होतं. "आता काहून घर पाडू काय मी?" ते म्हणाले, आणि चहा टाकायला सांगितला.

तरी संशय ठेवायचा नाही म्हणून दोघांनी निम्मे-निम्मे पैसे भरून सरकारी मोजणी आणली. जुने दगड शोधले. दोन सापडले, एक निंबाच्या मुळात गेलेला. मोजणी झाली. मोबाईलचे सहा मीटर कुठंच निघाले नाहीत. दक्षिणेकडं धुरा बरोबर होता. पण उत्तरेच्या टोकाला, नाल्याजवळ, धुरा दीड हात त्यांच्या वावरात गेलेला निघाला. आमच्याच वखरानं वर्षानुवर्षं खात गेलेला. मला माहीत नव्हतं, पण चूक माझ्या बाजूची होती.

पेरणीच्या आधी मी तेवढा धुरा मोडून मागं घेतला. काका उभे होते. "राहू देते भाऊ, दीड हातानं काय होते?" म्हणाले. मी म्हटलं, सहा मीटरसाठी तुमच्याशी भांडलो, दीड हात कसा ठेवू?

तुमच्याकडंही असा वाद असेल तर आधी हे करा. मोबाईलच्या नकाशात आपल्या एकाच बाजूची रेघ पाहू नका, चारही बाजू पाहा. मग जी हलत नाही अशी वस्तू धरा, विहीर, देऊळ, पूल. ती वेगवेगळ्या वर्षांच्या फोटोंत कुठं कुठं दिसते ते पाहा. ती जेवढी सरकते, तेवढं त्या रेघेवर विश्वासाचं अंतर ठेवा. आणि शेवटी मोजणीच आणा, दगडापासून.

कोणाकडं जुने दगड, जुने गावनकाशे, आजोबांनी सांगितलेल्या खुणा असतील तर लिहून ठेवा. आमच्या निंबाच्या मुळातला दगड मी मोकळा केला आहे आणि त्याला चुना लावला आहे. वरून दिसतो की नाही माहीत नाही, धुऱ्यावर उभं राहिलं की दिसतो.

चुकलं असेल तर सांगा. उद्या पहाटे हरभऱ्याच्या वावरात जायचं आहे.

राम राम.